मे महिन्यातले दोन लोकरी कोट

१९३६ सालच्या मे महिन्यात, रविवारी दुपारी तीन वाजता, सक्करदऱ्याच्या रुपराव वैरागड्यांच्या बैठकीत दोन गृहस्थ लोकरी कोट घालून समोरासमोर बसले होते.

रुपरावांना कोट घालायला लावला होता त्यांच्या बहिणीने, यमुताईंनी. रुपरावांच्या कोपरांवर वीस वर्षांपासून लाल चट्टे होते आणि त्यांवरून पांढरे खवले गळत. ते पाहूनच त्यांच्या मुलीची, देवकीची, दोन स्थळं परत गेली होती. हे तिसरं, कामठीचं. मुलगा मनोहर शाळामास्तर. त्याच्या वडिलांनी, बाबारावांनी, कोट का घातला असावा हे कोणी विचारलं नाही. कामठीचे लोक रुबाबात राहतात, एवढंच यमुताईंनी मनाशी ठरवलं.

देवकीने पन्हं आणलं. बाबारावांनी पेला घ्यायला हात लांब केला आणि बाही वर सरकली. आत तसाच चट्टा.

"मामाजी, कोट काढून टाका," देवकी होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाली. "आमच्या बाबाले बी तेच आहे. काहून उकडून राहिले दोघं बी?"

"गेलं वं हे बी स्थळ," यमुताई पुटपुटल्या.

बाबाराव हसले. "माह्या बायकोनं घालाले लावला."

"माह्या बहिणीनं," रुपराव म्हणाले. दोन्ही कोट खुंटीला लागले.

पण कामठीला मनोहरची आई, भागीरथाबाई, अडून बसल्या. दोन्हीकडून असलं तर नातवंडांचं काय? म्हणून मंगळवारी दोघे व्याही सीताबर्डीला डॉक्टरांकडे गेले.

"एकाचं दुसऱ्याला लागत नाही," डॉक्टर म्हणाले. "घराण्यातून येतं. एखादी पिढी कोरीही जाते. दोन्ही घरांत असेल तर संभव वाढतो. येईलच किंवा येणार नाहीच, यातलं काहीही मी लिहून देणार नाही."

भागीरथाबाई स्वतः सक्करदऱ्याला आल्या. "लेकराले निघालं त काय करशील वं?"

"तेल लावीन," देवकी म्हणाली. "कोट नाही घालणार."

जूनमध्ये लग्न झालं.

त्यांची मुलगी तारा आता, १९४१ साली, साडेतीन वर्षांची आहे. गेल्या डिसेंबरात तिच्या डाव्या कोपरावर चवन्नीएवढा लाल डाग उठला. तो आपल्याच घराण्याचा, असं दोन्ही आजोबांचं म्हणणं आहे. डॉक्टरांच्या मते मच्छरही चावला असेल. डाग उन्हाळ्यात गेला. पुढच्या हिवाळ्यात कोपर पुन्हा दाखवायचं ठरलं आहे.