खाऱ्या पाण्यातलं बिऱ्हाड

"हा मासा या टाकीत जाणार नाही," सून म्हणाली. ती दारातच उभी होती, एका पायात चप्पल आणि दुसरी अजून हातात.

सासऱ्यांनी प्लास्टिकची फुगीर पिशवी उजेडासमोर धरली. आतला मासा चपटा होता, तोंड पुढे काढलेला, आणि त्याच्या अंगावर निळ्या-पिवळ्या रेघा ओढलेल्या होत्या. "बघ तरी. केवढा देखणा आहे."

"देखणा आहे, पण ट्रिगर जातीचा आहे. शंख फोडून खाईल, खेकडे खाईल. झिंगा तर पहिल्या घासालाच जाईल. मग काचेवरचं शेवाळ कोण खाणार? तुम्ही?"

"माझ्या मुलाची टाकी आहे. तीत काय सोडायचं ते मी ठरवीन."

"मुलाची होती. वर्षभर पाणी मी बदलतेय."

"मोठे उपकार केलेस!"

तिला कामावर उशीर होत होता. "पिशवी बादलीत तरंगत ठेवा," ती म्हणाली. "संध्याकाळी मी तो परत देऊन येते." दार तिने लावलं नाही, आपटलं.

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती काम करायची. सासऱ्यांची कवळीही तिनेच बनवली होती, आणि त्याच दातांनी ते रोज तिच्यावर तोंडसुख घेत. सासरे गोदीतले निवृत्त क्रेनवाले. उंचावरच्या केबिनमधून खालच्या माणसांवर ओरडण्यात त्यांची हयात गेली होती. तो आवाज दोन खोल्यांच्या घरात मावत नसे. मधला दुवा होता तो म्हणजे मुलगा. फ्रिज दुरुस्त करायचा, दोघांचंही ऐकून घ्यायचा, आणि रात्रीची जेवणं सुरळीत पार पाडायचा. तो गेल्यावर घर दोघांच्या नावावर राहिलं. दुसरीकडे जायला दोघांनाही जागा नव्हती. तेव्हापासून ती दोघं एकमेकांना पाण्यात पाहत होती.

टाकी मुलाने अगदी सावकाश वसवली होती. आधी नुसते खडक. मग त्यांच्यावर शेवाळ धरलं तेव्हा ते खाणारे शंख. मग सांडलेलं-उरलेलं वेचणारे, शंखात घर करून राहणारे चिमुकले खेकडे. त्यांचं बस्तान बसल्यावर नारंगी माशांची जोडी, आणि सगळ्यांत शेवटी लाल पाठीचा झिंगा, जो त्याने पाण्यात बोट घातलं की येऊन नखाभोवतीची कातडी टोकरत बसायचा. मासा आवडला म्हणून त्याने कधी आणला नाही. आधीच्या बिऱ्हाडाला हा चालेल का, हे दुकानदाराला विचारून विचारून भंडावून सोडायचा आणि बहुतेक वेळा हात हलवत परत यायचा.

संध्याकाळी सून घरी आली तेव्हा बादली रिकामी होती. ट्रिगर टाकीच्या मधोमध ऐटीत फिरत होता आणि सासरे खुर्ची ओढून समोर बसले होते.

"कोणाला खाल्लंय का? सांग की!" ते म्हणाले.

पहिले काही दिवस खरोखरच काही झालं नाही. म्हातारा चिमट्यात कोलंबीचा तुकडा धरायचा, मासा तो खसकन ओढून न्यायचा, आणि म्हातारा खुदकन हसायचा. वर्षभरात या घरात कोणी हसलं नव्हतं. सुनेला ते हसू ऐकवत नसे. ती स्वयंपाकघरात भांडी जोरात घासायची.

मग एका सकाळी झिंगा दिसला नाही. वाळूवर त्याची एक लांब मिशी तेवढी पडली होती. त्यानंतर शंख. ट्रिगर त्यांना उलथे पाडायचा आणि आतलं मांस ओढून काढायचा. खेकड्यांचं तर नाव राहिलं नाही. बघता बघता काचेवर हिरवट साय चढली, खडकांवर केसांसारखं शेवाळ वाढलं, आणि नारंगी जोडी एका कोपऱ्यात अंग चोरून राहू लागली. नराच्या शेपटीचा तुकडा गेला होता.

सुनेने लांब चिमट्याने सगळे रिकामे शंख वेचून काढले, धुतले आणि जेवताना सासऱ्यांच्या ताटाशेजारी मांडून ठेवले.

"हे काय?"

"तुमच्या लाडक्याचं उष्टं."

सासऱ्यांनी हाताच्या एका फटक्यात शंख खाली उडवले. "जनावर आहे ते! खाणारच! तुझ्यासारखं मोजूनमापून जगत नाही."

"रविवारी तो दुकानात परत जाणार."

"घालव! त्यालाही घालव! माझा मुलगा गेला त्या दिवशी सकाळी छातीत जळजळतंय म्हणत होता. पित्ताची गोळी हातावर टेकवलीस आणि गेलीस कामावर. लोकांचे दात घासायला!"

हे वाक्य त्यांनी वर्षभर गिळून ठेवलं होतं. आता ते बाहेर पडलं, आणि त्यांनाच त्याचा धक्का बसल्यासारखे ते सुनेकडे बघत राहिले.

सून रडली नाही. "हो, गेले," ती म्हणाली. "रोज डोळे उघडले की पहिलं तेच आठवतं. तुम्ही नवीन काय सांगितलंत? पण आता माझंही ऐका. तो ही टाकी मांडत होता तेव्हा रिकामटेकडे चाळे म्हणालात. बाबा, झिंग्याने कात टाकली, बघायला या, अशा हाका मारायचा तो. तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचात. तो होता तेव्हा एकदा तरी ही खुर्ची ओढून बसलात का त्याच्या शेजारी? एकदा?"

सासऱ्यांची कवळी तोंडातल्या तोंडात हलली. ते ताटावरून उठले. खाली वाकून त्यांनी शंख गोळा केले, सगळे नाही, हाताला लागले तेवढे, आणि आपल्या खोलीत गेले.

त्यानंतर घरात बोलणं बंद झालं.

रविवारी सुनेने बाह्या सरसावल्या आणि टाकीत जाळी घातली. ट्रिगर झटकन खडकांच्या कमानीत शिरला आणि एका भोकात जाऊन बसला. तिने जाळी टोचली, काडी घातली. तो तसूभर हलला नाही. पाठीवरचा काटा उभारून त्याने स्वतःला तिथे पाचर मारून घेतली होती. आता कमान मोडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ती नवऱ्याने रचली होती, दगडावर दगड जुळवून, अनेक रविवार घालवून. तिने पंप बंद केले, वरचे दगड एकेक करून टबात ठेवले आणि ज्या मोठ्या दगडात मासा होता त्याला हात घातला. तो तिच्याने उचलेना.

सासरे खोलीच्या दारात येऊन उभे होते. आता हे ओरडणार, असं तिला वाटलं. त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि दगडाच्या दुसऱ्या टोकाला हात लावला.

"डावीकडून उचल. हळू. अजून. थांब. काचेपासून लांब घे. अजून. आता खाली... खाली... सोड."

हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. तो क्रेनच्या केबिनमधला होता, पण त्यात ओरडा नव्हता. दगड बादलीत उतरला. बऱ्याच वेळाने मासा स्वतःच काटा मिटून बाहेर आला आणि घुर्र असा आवाज करत गोल फिरू लागला.

दुकानात दोघं बसने गेली. बादली सासऱ्यांच्या मांडीवर, सून दोन बाकं पुढे.

तिने दुकानदाराला फैलावर घेतलं. "टाकीत आधी काय आहे ते न विचारता असा मासा विकता तुम्ही?"

"विचारलं ना ताई! यांनी सांगितलं, टाकी रिकामी आहे. कोणीच नाही तिच्यात."

सून सासऱ्यांकडे वळली. ते दुसऱ्याच काचेत बघत होते. "मला रिकामीच वाटली," ते पुटपुटले.

तिने दुकानदाराला शंख दाखवायला सांगितले.

दुकानदार काय काय पुढे करत होता. वाळू चाळणारा तारामासा त्याने बाहेर काढला, तेव्हा सून म्हणाली, "नको, एवढ्याशा वाळूत उपाशी मरेल." मग सासऱ्यांनाही तोंड फुटलं. प्रत्येक जिवापुढे त्यांचा एकच प्रश्न: "हा मोठा झाल्यावर काय करतो?"

"शंख आहे तो, बाबा. मोठा झाला तरी शेवाळच खातो."

"विचारलेलं बरं."

"आधी विचारायचं होतं."

"आता विचारतोय ना!"

आजूबाजूची गिऱ्हाइकं वळून बघू लागली. शेवटी शंख आणि अंगठ्याच्या नखाएवढे खेकडे ठरले. झिंग्याजवळ सासरे थांबले. "हा त्या नारंगींना काही करणार नाही ना?" "उलट त्यांचं अंग साफ करेल," दुकानदार म्हणाला. सुनेने मान हलवली आणि तोही पिशवीत आला.

घरी पिशव्या बादलीत तरंगत ठेवून दोघं कमान रचायला बसली. मोठा दगड तळाशी गेला. पुढचा सुनेने लावला.

"असा नव्हता तो," सासरे म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही कधी बघितलं होतंत?"

"मग कसा होता? तू सांग."

तिने दगड फिरवला. उलटा केला. पुन्हा फिरवला. नवऱ्याच्या फोनवरचे फोटो काढून पाहिले. सगळ्यांत मासे होते, शंख होते, झिंग्याच्या मिशा होत्या. कमान पूर्ण कुठेच नव्हती. ती वर्षानुवर्षं रोज या टाकीसमोरून गेली होती आणि वरचा दगड कोणत्या अंगावर टेकला होता हे तिला सांगता येईना.

"नाही आठवत," ती म्हणाली.

सासरे टोमणा मारतील म्हणून ती वाट बघत राहिली. त्यांनी तिच्या हातातून दगड घेतला. "चिकटवायचं ते दे," एवढंच म्हणाले.

तिने पाण्यातही घट्ट होणारं लुकण मळून दिलं. हे काम तिच्या हातातलं होतं. सासऱ्यांनी बाही खांद्यापर्यंत सरकवली, काखेपर्यंत हात पाण्यात घातला आणि दगड सांध्यावर दाबून धरला. कमान पूर्वीसारखी झाली नाही. एका बाजूला कलली होती, पण उभी होती.

सुनेने टब धुतला, फरशी पुसली, जाळी वाळत घातली. ती परत आली तेव्हा सासरे तसेच पाठमोरे उभे होते, सदरा छातीपर्यंत भिजलेला.

"धरलं असेल आता. सोडा, बाबा."

"अजून नाही," ते वळून न बघता म्हणाले.

ती तिथेच थांबली. पंप अजून बंद होते, तरी सासऱ्यांच्या दंडाभोवती टाकीतल्या पाण्यावर बारीक बारीक लाटा उठत होत्या.