खांबाचा घटस्फोट

"लाल झाली! अगं बाई, लाल झाली!"

मांडवात एकच गलका उठला. औंढ्याच्या शिवारात, लोणावळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून घातलेला तो मांडव रविवारी सकाळीच भरून गेला होता. सोमाटण्याहून टेम्पोने बायका आल्या होत्या, पुण्या-मुंबईच्या पाट्यांच्या गाड्या बांधाला लावल्या होत्या. पुढच्या रांगेतली माणसं गुडघ्यांवर उभी होती आणि मागची त्यांना "बसा की वो खाली" म्हणून शिव्या घालत होती. सगळ्यांचे डोळे एका उपरण्यावर होते. हळदीत बुडवून वाळवलेलं पिवळंधमक उपरणं, त्याचं एक टोक नवऱ्याच्या हातात, दुसरं बायकोच्या. महाराजांनी कलशातलं तीर्थ शिंपडलं मात्र, जिथे जिथे थेंब पडला तिथे रक्तासारखा डाग उमटला.

"काडीमोडाचा योग!" महाराज गरजले. "बघा, हळद बोलते आहे!"

उपरण्याचं एक टोक धरून बसलेली अनिता माझी विद्यार्थिनी. दहावीपर्यंत मी तिला विज्ञान शिकवलं. दुसरं टोक धरणारा तिचा नवरा निलेश, नवलाख उंबरे गावातल्या कंपनीत कामाला. मारायचा. शेवटच्या मारात तिचं मनगट मोडलं, ते वाकडंच जुळलं, आणि ती माहेरी निघून आली. आता तिच्या भावाला, संदेशला, मुली सांगून येत नव्हत्या. घरात नवरा सोडून आलेली पोर बसलेली असताना आपली मुलगी कोण देणार, म्हणून पाहुणे फिरून जात होते. तेव्हा तिच्या वडिलांनी, बजरंगभाऊंनी, ठरवलं होतं की महाराजांची हळद जे सांगेल ते करायचं. बाहेर निलेशच्या भावाने जीप सुरूच ठेवली होती. तिची पिशवीही आत टाकून झाली होती. आदल्या दिवशी अनिताचा फोन आला, "बाई, तुमी फक्त या," एवढंच म्हणाली, आणि मी आले.

हे महाराज म्हणजे गाठजोड महाराज. अंगावर रेशमी कफनी, मनगटावर वाढदिवसाच्या केकएवढं घड्याळ, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, देशातली सगळी कोर्टं यांना विचारून निकाल देतात.

"माऊल्यांनो, हा कलियुगाचा रेट आहे!" त्यांनी कलश उंच धरला. "आज देशात दर दोन लग्नांमागे एक मोडतंय! मोबाइल आला, नोकरी आली, बाईमाणसाला इगो आला, आणि संसार गेला! पण माझ्या दारात या. हजाराच्या वर जोडपी जोडली मी. घटस्फोट किती? चार! फक्त चार! आणि ते चारही मधेच अनुष्ठान सोडून गेलेले!"

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारचे धोंडिबा आबा म्हणाले, "आकडा हाय बाई. आकडा खोटं बोलंल व्हय?" आणि तळहातावरची तंबाखू चोळू लागले.

महाराजांनी आता लिंबू घेतलं. सात वेळा उतरवलं, डोळे फिरवले, कसलं तरी पुटपुटले आणि डागांवर पिळलं. लाल रंग बघता बघता विरला आणि उपरणं पुन्हा पिवळं झालं. बायका रडायलाच लागल्या. अनिताच्या आईने, मुक्ताबाईंनी, जमिनीवर डोकं टेकलं.

"योग टळला! पोरी, ऊठ. इथूनच सासरी जायचं, माहेरी मागे वळून बघायचं नाही."

"चल, ऊठ," निलेश म्हणाला. त्याने तिचं तेच मनगट धरलं. अनिता उठली नाही. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. आरडाओरडा केला असता तर चार पोरांनी मला उचलून बाहेर काढलं असतं आणि जीप निघून गेली असती. मी उभी राहिले.

"महाराज, मलाही माझा योग बघायचाय."

"या, या! शंका असेल त्यांनी जरूर यावं. यजमान कुठे आहेत?"

"घरी पेपर तपासतायत."

"मग जोडीशिवाय कशी बघणार हळद?" ते मांडवाकडे बघून हसले. मांडवही हसला.

"बघू की. ह्या खांबाशी बघू." त्यांच्या शिष्याच्या पाटाजवळ हळदीच्या उपरण्यांची थप्पी होती. त्यातलं वरचं मी उचललं, एक टोक मांडवाच्या बांबूला बांधलं, दुसरं हातात धरलं. शिष्य धावून आला, तशी संदेशची मागून हाक आली, "बाईंना हात लावायचा न्हाई हां!" पोरगा माझ्याच वर्गातला. शिष्य थांबला.

मी आधी माझ्या बाटलीतलं पाणी शिंपडलं. उपरणं पिवळं ते पिवळंच राहिलं. मग पाटाशेजारचा कलश उचलला आणि महाराज "अहो, अहो" करेपर्यंत ओतला. उपरणं लालभडक झालं.

मग मागून एक म्हातारी मोठ्यांदा म्हणाली, "आता गं बया! खांबाचा बी काडीमोड!" आणि मांडव खो खो हसायला लागला. मी ताटातलं लिंबू पिळलं. खांबाचा संसार पुन्हा सुरळीत झाला.

"आबा, तुमची चुन्याची डबी द्या," मी धोंडिबा आबांना म्हटलं. माझ्या बाटलीत बोटभर चुना टाकून हलवला आणि थप्पीतल्या दुसऱ्या उपरण्यावर शिंपडला. तेच डाग, तोच लाल रंग. "तीर्थात चुन्याची निवळी आहे. चुना पाण्यात कालवून ठेवला की वर जे पाणी राहतं ते साध्या पाण्यासारखंच दिसतं. हळदीला चुना लागला की ती लाल होते, लिंबू लागलं की परत पिवळी. हळदीच्या साडीला साबण लावल्यावर डाग लाल झालेला तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. तेव्हा कुणाचा संसार मोडला होता का?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. प्रत्येकीने तो डाग घासलेला होता. मला वाटलं, जिंकलं. कसलं जिंकलं! महाराज मुरलेले होते. त्यांनी हात जोडले, आवाज मऊ केला.

"बाई शास्त्र शिकलेल्या आहेत. चुना म्हणा, तीर्थ म्हणा, रूप निमित्तमात्र. पण गुण बघा ना, गुण! हजार जोडपी, काडीमोड चार. हा चुन्याचा गुण आहे का?"

आणि गर्दी पुन्हा तिकडे झुकली. मला दिसत होतं. बजरंगभाऊ उठून माझ्यासमोर आले. माणूस वाईट नव्हता, पण घाबरलेला होता.

"बाई, हळदीचं मला पटलं. खोटी असंल हळद. पर आकडा? लोकांची लग्नं टिकली न्हवं? माझ्या पोरीचं बी टिकंल. तुमी मधी पडू नगा." मग लेकीकडे न बघताच म्हणाले, "जा गं. गाडी उभी हाय."

निलेशने तिला खेचून उभं केलं. उपरणं खाली पडलं. मी भाऊंकडे वळले.

"भाऊ, दोन मिनिटं. मागच्या जनगणनेला मी ह्याच तालुक्यात घरोघर फिरलेय. दर दोन लग्नांत एक मोडतं हे कुणी सांगितलं यांना? त्या मोजणीत अख्ख्या देशात हजार लग्न झालेल्या माणसांमागे घटस्फोटित म्हणून दोन-तीनच निघाली. तेव्हापासून प्रमाण वाढलंय, शहरात जास्त वाढलंय, पण निम्म्याच्या आसपाससुद्धा नाही. म्हणजे हजार जोडपी कुणाच्याही दारावरून गेली, पोस्टमनच्या, चिक्कीवाल्याच्या, तरी घटस्फोट चार-पाचच होणार! आधी खोटी भीती घालायची आणि मग जे होणारच नव्हतं ते टाळलं म्हणून पाया पडून घ्यायचं."

"मंग चांगलंच हाय की," कुणीतरी म्हणालं. "आपल्याकडं लग्नं टिकत्यात."

"टिकतात? त्याच मोजणीत जोडीदारापासून वेगळं राहणाऱ्यांचा आकडा घटस्फोटितांच्या दुपटीहून मोठा होता, आणि त्यात बायका जास्त. आणि तो तरी कुठे पुरा होता? मी दारात उभी राहून विचारायचे, मुलगी वर्षानुवर्षं माहेरी बसलेली दिसायची, आणि आई सांगायची, 'नांदती हाय, दिवाळीला आलीय.' मी नांदती लिहायचे. भाऊ, तुमची अनिता आत्ता महाराजांच्या कुठल्या आकड्यात आहे? हजारातली एक, जोडलेली! उद्या तिचा दुसरा हात मोडला तरी ती जोडलेलीच राहणार."

मी गर्दीकडे वळले. "इथे आधी येऊन गेलेल्या किती जणी आहेत? ज्यांच्या लेकींची हळद पिवळी झाली होती, त्या लेकी आज कुठे आहेत, सांगेल का कुणी?"

महाराज म्हणाले, "बघा, एकही तक्रार नाही." बाहेर जीपचा हॉर्न वाजला. निलेश अनिताला घेऊन मांडवाच्या कडेपर्यंत पोचला होता.

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून रतनबाई उठल्या. शेजारच्या वस्तीतल्या, साठीच्या. पदर तोंडावर धरला होता.

"माझी हाय," त्या म्हणाल्या. "मी आलते गेल्या साली, माझ्या सुमीला घेऊन. लाल झालती, मंग पिवळी झालती. हितनंच धाडली तिला. लय रडत हुती, मी म्हनलं, जा, महाराजांनी सांगितलंय." त्यांनी पदर खाली घेतला. "तिचा काडीमोड न्हाई झाला, बाई. आखाडात ती विहिरीत गेली."

रतनबाई महाराजांकडे वळल्या आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "माझ्या सुमीला तुमी हजारात धरलीय का चारात?"

महाराजांचा घड्याळवाला हात कफनीत गेला.

बजरंगभाऊ मांडवाच्या कडेला कधी पोचले ते मला कळलंच नाही. मी पाहिलं तेव्हा त्यांनी निलेशची बोटं लेकीच्या मनगटावरून एक एक करून सोडवली होती. निलेश ओरडला, "तुमची पोरगी तुमालाच जड हुईल!" भाऊ म्हणाले, "हुंदे." मग जीपमधली पिशवी त्यांनी स्वतः काढली. मुक्ताबाई लेकीला धरून हुंदके देत होत्या. अनिता रडत नव्हती. ती आधी रतनबाईंजवळ जाऊन बसली आणि त्यांचा हात हातात घेतला.

पुढे पोलिसांत तक्रार गेली. जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो वापरायला कुणीतरी नाव लिहून द्यावं लागतं, आणि रतनबाईंनी पहिलं नाव दिलं. अनिताचा घटस्फोटाचा दावा उभा आहे. निकाल लागेल तेव्हा देशाच्या आकड्यात एकाची भर पडेल, आणि कुणीतरी शहाणा भाषण ठोकेल की बघा, संस्कृती बुडाली. बुडू दे म्हणावं. त्या वाढलेल्या आकड्यात मार खाणं थांबवलेल्या बायका आहेत, हातात पगार असलेल्या आहेत, कोर्टाची पायरी चढायचं धैर्य केलेल्या आहेत. आणि न वाढलेल्या आकड्यात कुणाकुणाला दडवलंय ते मोजायला अजून कुणी निघालेलं नाही.

माझं वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. चमत्कार दिसला तर घरी येऊन चुना, लिंबू, हळद घेऊन बसा आणि स्वतः करून बघा. कुणी आकडा तोंडावर फेकला तर विचारा, कुणाला मोजलं आणि कुणाला सोडलं, आणि हा आकडा तुमच्यावाचूनही एवढाच आला नसता का? आणि घरातल्या मुलीला परत पाठवायचं की नाही हे ठरवताना आधी तिलाच विचारा. त्या मांडवात महाराजांना विचारलं, हळदीला विचारलं, लिंबालाही विचारलं. अनिताला मात्र कुणी विचारलंच नाही.