हाताला न लागणारा फटका

मी एक बॅट. मार खातखातच घडले. आधी यंत्राखाली माझं लाकूड दाबलं, मग मोगरीनं ठोकून ठोकून घट्ट केलं. ठोकणारी होती ताई. बाबांचा धंदाच बॅटांचा, पण ताई गणितही शिकली होती.

"एकूण चौतीस इंच. पातं एकवीस, हँडल तेरा," ती बाबांना म्हणाली. "अख्खी बॅट पात्याच्या जितकी पट, जवळजवळ तितकीच पट पातं हँडलच्या. याला सुवर्ण गुणोत्तर म्हणतात. पात्याचेही तसेच भाग केले, की टोकापासून आठ इंचांवर मिडल येतं. तिथं चेंडू बसला तर हाताला झटकाच लागणार नाही."

"पातं आखूड, दांडा लांब. ही बॅट आहे की धोपाटणं?" बाबा म्हणाले.

ताईनं मला धाकट्या भावाच्या हाती दिलं. मनगट सुरेख, डोकं भडक. पहिल्याच सामन्यात त्यानं सरळ परतवलेल्या चेंडूनं गोलंदाजाचे दोन दात पाडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनीही.

अंतिम सामन्यात कीपर सारखा त्याच्या कानाशी पुटपुटत होता. "बहिणीनं पट्टीनं मापून दिलेल्या बॅटीवर खेळतोस होय रे? पट्टी काढून घेतली तर काय उरेल तुझ्यात?"

धाकटा चवताळून पुढे धावला. चेंडू हुकला. कीपरनं यष्ट्या उडवल्या आणि तोंडावर हसला.

धाकट्यानं मला दोन्ही हातांनी उचललं आणि कीपरच्या उजव्या खांद्यावर घातलं. हाड कडाडलं. फटका बरोबर आठ इंचांवर बसला होता. चेंडू बसावा तसा, अलगद.

मग सगळेच तुटून पडले. लाथा, बुक्क्या, उपटलेल्या यष्ट्या. धाकट्याच्या दोन बरगड्या मोडल्या. प्रेक्षकही कुंपण ओलांडून आत आले. आपण कुणाला मारतोय हे त्यांतल्या अर्ध्यांना ठाऊक नव्हतं.

"मारताना काहीच वाटलं नाही तुला?" ताईनं इस्पितळात विचारलं.

"हातात काही आलंच नाही गं," तो म्हणाला. "वाटलं, फार लागलं नसेल."

ताई उठून बाहेर गेली, ती बराच वेळ परतलीच नाही.

पुढे धाकटा घरी आला. एके दिवशी कीपर बाबांच्या कारखान्यात येऊन उभा राहिला. उजवा हात खांद्यापासून लोंबत होता. त्यानं डाव्या हातानं मला उचललं. धाकट्यानं मान खाली घातली.

"मार," तो म्हणाला.

बाबा मध्ये पडायला धावले. ताईनं त्यांना धरलं आणि कीपरला म्हणाली, "खुशाल मार. पण तुझ्या हाताला काही कळणार नाही. मी बनवलीच तशी आहे."

कीपर थांबला. "मग काय उपयोग?" म्हणत त्यानं मला फेकलं आणि डाव्या मुठीनं धाकट्याच्या नाकावर ठोसा मारला. नाक फुटलं. कीपरची बोटंही सोलली. कळवळून हात झटकत तो म्हणाला, "आता लागलं."

दोघं जमिनीवर बसून कण्हत राहिले. ताईनं एक फडकं फाडलं आणि दोघांना अर्धं अर्धं दिलं.

मग तिनं मला करवतीखाली धरलं.

आता माझे दोन तुकडे जळणाच्या ढिगात पडलेत. नवी बॅट घडवणाऱ्यांनो, माप हेच घ्या, चांगलं आहे ते. फक्त मारणाऱ्याच्या हाताला थोडा तरी झटका बसू द्या.