खालची ओळ

“हलू नकोस! पाय उचलू नकोस, तुझ्याच बुटाखाली असतील!”

“काय असतील?”

“दात रे माझे! दोन दात!”

चष्मेवाला कालव्याकाठच्या मातीच्या वाटेवर पाय पसरून बसला होता. ओठ फाटला होता, बनियनवर रक्त ओघळलं होतं, आणि ज्या माणसाने चष्मे विकून अर्ध्या गावाला नीट बघायला लावलं त्याचा स्वतःचा चष्मा चार हातांवर चुरा होऊन पडला होता. लॅबकाका गुडघे टेकून गवत चाचपत होते. एक दात सापडला. दुसरा कालव्यात गेला असणार.

“राहू दे,” चष्मेवाला तोंडावर रुमाल दाबत म्हणाला. “एकटा घेऊन काय त्याचं लोणचं घालू?”

लॅबकाकांना हसू आलं नाही. चूक त्यांची होती, निदान त्यांना तरी तसंच वाटत होतं. तीस वर्षं हे दोघं रोज सकाळी या वाटेने पळत आले होते. चष्मेवाला उजवीकडे, लॅबकाका डावीकडे आणि अर्धं पाऊल मागे. कुणी ठरवलेलं नव्हतं, पण ते तसंच होतं. आज हवा गार होती, झोप चांगली झाली होती, पाय हलके पडत होते. वळणावर लॅबकाकांना कसली हुक्की आली कोण जाणे, ते पुढे गेले. “अरे वा!” म्हणत चष्मेवाल्याने त्यांना गाठायला जोर केला आणि दगडाला ठेचकाळून तोंडावर आपटला.

लॅबकाका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. परीक्षानळ्या धुवायच्या, आम्लाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, पोरांनी फोडलेल्या काचा गोळा करायच्या. मुलं ‘लॅबकाका’ म्हणत, मग शिक्षक म्हणू लागले, मग गावच. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. त्यांना त्याचं काही वाटत नसे. त्यांचा जीव होता महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी बागेतल्या गोल मंडपात वाजणाऱ्या हौशी बँडमध्ये. तिथे ते क्लॅरिनेट वाजवत. दुसरी क्लॅरिनेट.

पहिली आणि दुसरी यांत फरक असतो. पहिली वरची ओळ वाजवते; लोक घरी जाताना गुणगुणतात ती. दुसरी खालची वाजवते. ती कुणी गुणगुणत नाही. काढून घेतली तर काहीतरी बिघडलंय एवढं लोकांना जाणवतं, पण काय ते सांगता येत नाही. पहिली चष्मेवाल्याची होती.

बँड काढला होता म्हाताऱ्या संगीत मास्तरांनी. प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी वाजायची ती निरोपाची धूनही त्यांचीच. “फुंकेचं बळ छातीत नसतं, पायांत असतं,” असं सांगून त्यांनीच या दोघांना पळायला लावलं. तेही नुसतं पळायचं नाही, गुणगुणत पळायचं. गुणगुणता आलं नाही तर वेग जास्त झाला असं समजायचं. मास्तर गेले, तरी कालव्याकाठी ही दोन माणसं रोज सकाळी एक वरची, एक खालची ओळ गुणगुणत पळत राहिली. म्हशींनासुद्धा सवय झाली होती.

आता वरची ओळच दोन दातांनी लंगडी झाली. क्लॅरिनेट धरायला वरचे पुढचे दात लागतात. त्यांच्याशिवाय तोंडात धरायचं टोक नुसतं घसरतं. “तीन महिने नाव काढू नका,” दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं. आणि कार्यक्रम तीन आठवड्यांवर!

बँड चालवणाऱ्या बाई त्याच शाळेत भूगोल शिकवत. मधल्या सुट्टीत त्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“काका, पहिली तुम्ही घ्यायची.”

“मी? छे हो बाई! मला खालचंच येतं.”

“तीस वर्षं शेजारी बसून ऐकलंत ना?”

“ऐकणं वेगळं. मी म्हणजे... आपला जेवणाच्या पंगतीत पाणी वाढणारा. मला कुठे पक्वान्नाच्या परातीला हात लावायला सांगता?”

“दुसरीला बेकरीवाल्या ताई बसतील. कागद बघून त्यांना जमतं. तुम्ही विचार करा,” म्हणून बाई गेल्या. लॅबकाकांनी विचार केला आणि नाही म्हणायचं ठरवलं.

त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला.

“बाबा, मी सुट्टीत येतेय छोटीला घेऊन. त्या रविवारी तुमचा बँड आहे ना? या वेळी ऐकणारच. आईचं गाणं वाजवणार ना शेवटी?”

“वाजवणार तर!” लॅबकाका म्हणाले, आणि पुढचं कसं तोंडून निघालं त्यांचं त्यांना कळलं नाही. “आणि पहिली मी वाजवतोय या वेळी.”

मुलीने बँड कधी नीट ऐकलाच नव्हता. बायको नर्स होती. लग्नापासून रविवारची पाळी तिच्याकडेच होती; पुढे आठवडाभर संध्याकाळी मुलीजवळ राहता यावं म्हणून ती तीच मागून घ्यायची, आणि मग तीच कायमची झाली. रविवारी मुलगी मावशीकडे. चार वर्षांची असताना एकदा बागेत नेली, तर “बाबाऽ” करून भोकाड पसरत थेट मंडपात चढली. त्यानंतर नेण्याचं कुणी नाव काढलं नाही. मग वसतिगृह, नोकरी, लग्न, लांबचं शहर. बायको म्हणायची, “निवृत्त झाले की बघा, दर वेळी पहिल्या रांगेत येऊन बसते की नाही!” तिच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना ती गेली. त्याला आता तीन वर्षं झाली होती.

तिला ऐकवायचं राहिलं ते राहिलं. मुलीला तरी एकदा ऐकवायचं, आणि तेही पुढे बसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. लॅबकाकांना आयुष्यात दुसरं काही इतकं हवंसं वाटल्याचं आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. लॅबकाका पळत, आणि सुजल्या ओठांचा चष्मेवाला सायकलवरून शेजारून जात तोंड मिटून वरची ओळ गुणगुणत असे. लॅबकाका त्याच्या मागोमाग उचलत. चार पावलं बरी जात, पाचव्याला गळा आपोआप खाली उतरे.

“घसरलास! परत घसरलास! घशात जिना आहे का तुझ्या?”

“अरे, सवय आहे.”

“मोड ती सवय. तुझी मुलगी काय पाणीवाल्याला बघायला येतेय?”

शाळा सुटल्यावर ते प्रयोगशाळेत घासत बसत. जोरात फुंकलं की मांडणीवरच्या नळ्या किणकिणत. दुसऱ्या आठवड्यात ओळ हाताला लागली. एका सकाळी पुलाजवळ थांबून ते एकदाचे बोलले, “मी त्या दिवशी पुढे गेलो नसतो तर तुझे दात शाबूत असते.”

चष्मेवाल्याने सायकल टेकवली. “गाढवा, तू कधी पुढे जातोस याची तीस वर्षं वाट बघत होतो. गेलास तो नेमका दगडाच्या वळणावर. त्याला तू तरी काय करणार!”

रविवारी बाग भरली होती. मुलगी दुसऱ्या रांगेत छोटीला मांडीवर घेऊन बसली होती. पहिला सूर लागला आणि लॅबकाकांची बोटं आपल्या कामाला लागली. शेवटची निरोपाची धून आली. शेजारी बेकरीवाल्या ताई कागदात डोळे घालून खालची ओळ नेकीने वाजवत होत्या. लॅबकाका एकदाही घसरले नाहीत. टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरून चष्मेवाल्याने तोंडावर हात धरून आरोळी ठोकली. बाईंनी त्यांना उभं राहायला सांगितलं, आणि ते लाजत उभे राहिले.

लोक पांगल्यावर मुलगी मंडपाच्या पायरीशी आली. तिचे डोळे चमकत होते.

“बाबा, काय वाजवलंस! एवढं वाजवतोस तू? मला कधी सांगितलं का नाहीस?” मग म्हणाली, “पण आपलं राहिलंच.”

“काय राहिलं?”

“आईचं गाणं. शेवटी वाजवणार म्हणाला होतास.”

“शेवटचं तेच तर होतं.”

“छे! ते कुठलं? ते छान होतं, पण आपलं नाही. एकदा मधेच वाटलं येतंय म्हणून. त्या तुझ्या शेजारच्या बाईंच्या वाद्यातून. पण लगेच बाकीच्यांत हरवलं. आपलं असं आहे ना...”

छोटी तिच्या खांद्यावर पेंगत होती. तिच्या पाठीवर थोपटत मुलगी गुणगुणायला लागली.

ती खालची ओळ होती. पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत.

लॅबकाकांना आधी हसू फुटलं, आणि मग त्यांनी मंडपाचा खांब धरला. घरी त्यांनी रियाज केला तो खालच्या ओळीचाच. दुसरं करणार तरी काय? खोलीच्या त्या टोकाला बायको गणवेशाला इस्त्री करायची. तिने वरची ओळ कधी ऐकलीच नव्हती. तिच्या लेखी गाणं म्हणजे एवढंच, आणि ते पूर्ण होतं. तेच म्हणून तिने मुलीला झोपवलं, आणि मुलीने तिच्या मुलीला. ‘माझं काय, मी आपला दुसरा,’ असं ते म्हणाले की बायको म्हणायची, ‘असू दे की, गोड आहे.’ ते तिचं समजूत काढणं आहे, असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं.

“परत म्हण,” ते म्हणाले.

मुलीने परत म्हटलं. दुसऱ्या चरणात, लांबवलेला सूर पुरा व्हायच्या आतच ती थांबली, श्वास घेतला आणि पुढे गेली. मास्तरांच्या कागदावर तिथे थांबणं नव्हतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी लॅबकाकांना तिथे दम पुरत नसे, ते हळूच चोरून श्वास घेत. पुढे पळायला लागले आणि सहा महिन्यांत तो खंड गेला. ते स्वतः विसरूनही गेले होते. बायको विसरली नव्हती.

“काय झालं रे?” चष्मेवाला खुर्च्यांमधून वाट काढत आला. “रडतोयस काय? मी वरची म्हणू का?”

“नको. आज तू गप्प बस.”

ते दुसऱ्या क्लॅरिनेटच्या खुर्चीवर, आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसले. वाद्य पुन्हा जोडलं आणि मुलीला मानेने खूण केली. बागेतला माळी नळी गुंडाळत होता, बाई कागद गोळा करत होत्या. लॅबकाकांनी खालची ओळ धरली, मुलगी सोबत गुणगुणू लागली. दुसऱ्या चरणात ती जागा आली तेव्हा त्यांच्या छातीत हवा भरपूर शिल्लक होती. तरी ते थांबले, मुलीबरोबर श्वास घेतला, आणि मग पुढे वाजवू लागले.