पाणी लागलं ९-४-८७

मी हापसा बोलतोय. कळस आणि वरकुट्याच्या मधल्या एका वाडीवर, शाळेच्या फाटकापाशी उभा असतो. दांडा मारताना बायकांची तोंडंही मोकळी सुटतात, त्यामुळं वाडीतलं मला ठाऊक नाही असं फारसं काही नाही. सांगू नये ते मी सांगत नाही. ही एक गोष्ट तर दहा वर्षं पोटात ठेवली होती. आता ती उघडच झाली, म्हणून सांगतो.

जन्मलो त्या दिवशी मी नुसतं भोक होतो. बोरिंगच्या गाडीनं खालचा चिखल उडवला, पाणी लागलं आणि माणसं नाचायला लागली. नेमकं तेव्हाच बाभळीआडच्या पारध्यांच्या पालावर झुंबरला पोरगी झाली. नारळ फोडायला आलेली वाडीतली द्वारकाबाई रडणं ऐकून तिकडं वळली. नाळ कापली, बाळाला गुंडाळायला स्वतःचा पदर फाडला आणि गुपचूप परत आली. सासूला कळू दिलं नाही. पुढं गेणू गवंड्यानं माझा चौथरा बांधला आणि ओल्या सिमेंटवर खिळ्यानं लिहिलं, ‘पाणी लागलं ९-४-८७’.

झुंबरच्या माणसांत नावासाठी पंचांग बघत नाहीत. जन्मताना समोर जे असेल ते नाव. पोरीचं नाव पडलं बोरिंग.

पाण्यावर मात्र हीच द्वारकाबाई झुंबरचा हात लागलेला दांडा धुऊन घ्यायची. सासू ओट्यावरून बघत असायची ना.

त्र्याण्णव साली पोरगी शाळेत आली. जोतीराम गुरुजी माणूस भला. जन्माचा कागद नाही म्हणून वय अजमावायला त्यांनी तिला डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला लावला. पोर लांब हातांची, बोटं पार मानेपर्यंत गेली. गुरुजींनी तिला आठ वर्षांची ठरवून १ जून १९८५ लिहिलं. निम्मी वाडी १ जूनचीच आहे म्हणा. नावही दाखल्यावर शोभत नाही म्हणून बदललं आणि भाचीचं मनिषा घातलं. बोरिंग नाव राहिलं असतं तर तारीख तिथंच सापडली असती. पण मला कोण विचारतंय?

सत्त्याण्णवला ती चौथी पास झाली, पालावरची पहिलीच. पुढं बारामतीच्या एका वसतिगृहात जागा होती, पण पोर अकराच्या आतली हवी. खरी दहाची पोर कागदावर बाराची. जागा हुकली की शाळा संपली. पालावर सोयरिकीची बोलणी सुरूच झाली होती.

गुरुजींनी शेवटी झुंबरला विचारलं, पोर कधी झाली?

"बोरिंगला पानी लागलं त्या दिशी."

गुरुजी तसेच चौथऱ्यावर उकिडवे बसले आणि दगडानं शेवाळ खरवडायला लागले. मला गुदगुल्या झाल्या, पण तारीख निघाली. आता दाखल्यावरची तारीख बदलायला साहेब पंचनाम्याला येतील, म्हणाले, साक्षीदार लागेल.

पंचनामा शब्द ऐकला आणि झुंबर पाल सोडायला धावली. गावात कोंबडी हरवली तरी पंचनामा तिच्याच दारात व्हायचा. पोरगी पालाच्या खुंटीवर जाऊन बसली, उठेचना.

"आये, ह्यो चोरीचा न्हाय. ह्यो माझा हाय."

साहेब आले. पोर त्या दिवशी जन्मली हे कुणी पाहिलं, म्हणून विचारलं. सगळी वाडी माझ्या तोटीकडं बघत राहिली. रांगेत द्वारकाबाई होती. मला वाटलं, कळशी भरून निघून जाईल. तिनं कळशी खाली ठेवली.

"म्या बघितलं. नाळ म्याच कापलीया. लिवा."

"तू शिवलीस व्हय गं तिला?" सासू ओट्यावरून म्हणाली.

"व्हय आत्याबाई. त्याच हातानं तुमाला धा वरसं भाकरी घातली."

द्वारकाबाईला लिहिता येत नाही, तिनं अंगठा दिला. दुसऱ्या दिवशी झुंबरच्या मागून पाणी भरताना तिनं दांडा धुतला नाही. सासू आत निघून गेली.

तारीख बदलली, जागा मिळाली; मनिषा यंदा बारामतीला सातवीला आहे. वाडीत नळ आले, माझा दांडा कुरकुरतो, ग्रामपंचायतीत मला भंगारात घालायची भाषा चालली आहे. माझी तक्रार नव्हती. पण दिवाळीच्या सुटीत ती आली, तेव्हा पालावर दोनच दिवसांपूर्वी तिला बहीण झालेली. चौथरा आता दगडासारखा, त्यावर खिळा उमटेना. मग तिनं माझ्या मानेवरचा गंज घासला आणि तिथं बहिणीच्या जन्माची तारीख कोरली. द्वारकाबाई शेजारी कंदील धरल्यासारखी ताठ उभी होती, भर दुपारी.

तेव्हा मायबाप, उपटायचं तर उपटा, पण शाळेच्या पडवीत कोपऱ्यात उभं करा. सहा वर्षांनी एक पोर दाखल्यासाठी येईल. तिला कान धरायला लावू नका, माझी मान बघा.