गोलात भिंत नसते

एका हिवाळ्यात मी नारीन नदीच्या काठी लघवीला उभा राहिलो आणि माझी सावली बर्फाला चिकटली. ओढली, लाथा घातल्या, उकळता चहा ओतला, सुटेना. शेवटी तिला तिथंच सोडून घरी आलो आणि उरलेला हिवाळा बिनसावलीचा काढला. उन्हात निघालो की कुत्री भुंकायची, मुल्ला वाट बदलायचा. वसंतात बर्फ फुटलं तेव्हा सावली पाण्याबरोबर वाहत गेली ती थेट खाली उझबेकांच्या कापसात. आजही तिकडं कुणीतरी या शेरमतची सावली लावून फिरतोय. माझ्या पायाशी दिसते ती बाजारातनं आणलेली. म्हणून तर जरा आखूड आहे.

ही गोष्ट मी गावात इतक्यांदा सांगितली आहे की आता तिला साक्षीदारसुद्धा मिळालेत. पुढची मात्र एकदाच सांगतो, कारण ती खरी आहे, आणि खरं सांगताना माझी जीभ नव्या घोड्यासारखी अडते.

एका वर्षी पामीरची माणसं आली. आमचेच किरगीझ, पण पिढ्यानपिढ्या अफगाण डोंगरात अडकून पडलेले. सरकारने त्यांना आमच्या गावात चौथ्या मजल्यावर खोल्या दिल्या. मेंढी जिन्याने वर कशी न्यायची, हा त्यांचा पहिला प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर सरकारकडे नव्हतं. आम्ही त्यांना 'अफगाण' म्हणायचो, ते आम्हाला 'रूसी' म्हणायचे. बाजारात समोरासमोर आलो तर दोघंही बटाट्यांकडे बघायचो.

मग एका संस्थेने राजधानीतून, बिश्केकहून, नूरजामालला पाठवलं. तिशीतली, चष्मेवाली, पायात पातळ बूट. तिने गावातले स्वयंसेवक गोळा केले आणि शाळेत शिकवायला घेतलं, की आलेल्या माणसांबरोबर बसून गप्पा कशा करायच्या. हो, गप्पा. मी सत्तर वर्षं फुकट करत आलो ती गोष्ट. मी नाव दिलं कारण शाळेत बॉयलरची ऊब होती.

"इथे मानाची जागा नाही," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "सगळे गोलात बसणार. कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही. बायका दाराशी नाहीत, म्हातारे भिंतीशी नाहीत. प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसला पाहिजे."

"माझा बघून काय करणार?" मी म्हटलं. "एकदा बघितला की दूध नासतं."

"अता," ती हसली. आमच्याकडे म्हाताऱ्याला अता म्हणतात. ती मात्र मला शिक्षा केल्यासारखी म्हणायची. "बोलायचं असेल तर हे हातात हवं."

आणि तिने खिशातून मेंढीच्या घोट्याचं हाड काढलं, पोरं खेळतात ते. ज्याच्या हातात हाड, तोच बोलणार. बाकीचे ऐकणार.

"बाई, आमच्यात हाड हातात आलं की माणूस बोलायचा थांबतो," मी म्हटलं. "चोखायला लागतो."

पोस्टात काम करणारी जिपार सगळ्यांत आधी हसली आणि सगळ्यांत आधी गप्प झाली, कारण ती वहीत लिहून घेत होती. चांगली पोर. शिकवलेलं सगळं मनापासून करायची. जो गप्प आहे त्याला बोलतं करा. एकाच्या जागी दुसऱ्याला बोलू देऊ नका. शांतता पडली तर घाबरून ती भरून काढू नका, थांबा. हे शेवटचं मला काही केल्या जमेना. शांतता दिसली की मी तिच्यात माझा घोडा घालतो.

पण खोटं कशाला बोलू, ते गोल चालले. पामीरच्या बायका, ज्या जिन्यात आम्हाला बघून रुमालाआड व्हायच्या, त्या हाड हातात आल्यावर चुलीसारख्या पेटायच्या. त्यांतली सगळ्यांत बोलकी खलीचा. विशीतली, पोट गळ्याशी आलेलं. नवरा मागे याकांबरोबर राहिला होता. खिंड उघडली की येणार होता. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून ती त्याला 'आमचे हे' म्हणायची, आणि हाड आलं की त्याच्याशिवाय दुसरा विषय नाही. 'आमचे हे' शीळ घालतात तर याक वळतात. 'आमचे हे' झोपेत शेळ्या मोजतात. माझी सावलीची गोष्ट ऐकून ती इतकी हसली की बायकांनी तिचं पोट धरलं.

"अता, सावली परत मागायला गेला नाहीत?"

"गेलो होतो. तो माणूस म्हणाला, मला ती जास्त शोभते."

एक दिवस तिचा चुलतसासरा महमतयार माझ्या दारी आला. सरळ माणूस. आयुष्यात खोटं बोलला नव्हता, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं, आजारासारखं. चहाला हात लावला नाही.

"युसुपाली गेला," तो म्हणाला. "खिंडीत. वरून बर्फ सुटलं. सरहद्दीवरच्या इश्काशिम गावातल्या व्यापाऱ्याने फोनवर कळवलं. अजून सापडला नाही."

युसुपाली म्हणजे खलीचाचा नवरा.

आमच्यात मरणाची बातमी कुणी तोंडावर फेकत नाही. दूर कुणी गेलं, तर घरच्या माणसाला कळायच्या आधी सगळ्या गावाला कळतं आणि सगळं गाव मूग गिळून बसतं. मग योग्य वेळ बघून चार वडीलधारी माणसं जमतात, त्या माणसाला जवळ घेऊन बसतात, आणि आडवाटेने, एखादी गोष्ट सांगत सांगत, ते त्याला ऐकवतात. ऐकवणारा चांगला असला तर ऐकणारा स्वतःच शेवटचा शब्द उच्चारतो.

"बाळंत होईपर्यंत नाही," महमतयार म्हणाला. "पोटातल्याला धक्का बसेल. तोवर आमची तोंडं शिवलेली."

"तिला गोलात आणू नकोस."

"घरी ठेवली तर विचारेल, का. त्या गोलासाठी जीव टाकते ती. तू तिच्याजवळ बस. तोंड चालव."

"आणि त्या शहरातल्या बाईला सांगू?"

"तिला? ती त्याचाही गोल करेल. हाड फिरवेल आणि विचारेल, कुणाला काय वाटतं."

मी हसलो. त्याने विनोद केला नव्हता, तरी हसलो.

पुढचा गोल शिकवणीचा शेवटचा. नूरजामाल मागे बसून बघणार होती, चालवणार होती जिपार. पामीरची सगळी माणसं आली आणि बसली, आणि मला पहिल्यांदा कळलं की आपण काय करून ठेवलंय. आमच्या घरात मानाची जागा असते, दार असतं, चुलीचा धूर असतो. सून दाराशी बसते, मोठ्यांच्या पाठीमागे. तिला चेहरे दिसत नाहीत, आणि मोठ्यांनाही कधी चेहरा लपवावासा वाटतो. इथे एकवीस खुर्च्या आणि प्रत्येक तोंड उघडं. लोक आपल्या बुटांकडे बघत होते. सगळे एकदम.

"आज," जिपार म्हणाली, "मागे राहिलेल्या कुणाची तरी एक आठवण."

"मी सुरू करतो," मी हात पुढे केला. "मागे माझी सावली राहिली..."

"अता, ती झाली," जिपार गोड बोलली. "आज जे कमी बोलतात ते आधी."

हाड निघालं. पहिलीने घेतलं, पुढे दिलं. दुसरीने घेतलं, पुढे दिलं. तिसरी म्हातारी होती, तिने तर निखारा हातात पडल्यासारखं शेजारणीच्या मांडीवर टाकलं. मागच्या खेपेला हीच हाड सोडत नव्हती.

"बोला ना, एजे," जिपार तिला म्हणाली. थोरल्या बाईला आम्ही एजे म्हणतो. "इथे सगळे आपलेच आहेत."

म्हातारीने मान हलवली. जिपार थांबली. शिकवल्याप्रमाणे थांबली. शांतता भरून काढली नाही.

मला ती शांतता अजून ऐकू येते. बॉयलरचं पाणी गुरगुरत होतं तेवढंच.

खलीचाने हसत हात पुढे केला. "तुम्ही सगळ्या आज काय दगड गिळून आलात? द्या इकडे." आणि ती बोलायला लागली. ती निघताना 'आमचे हे' तिच्यामागे घोड्यावरून किती लांब आले, परत जाताना वळून बघितलं नाही, आणि तिला किती राग आला. "ते आले की आधी भांडणार मी. मग चहा." मग तिने महमतयारकडे बघितलं. "बाबा, तुमचं फोनवर बोलणं झालं ना व्यापाऱ्याशी? काय म्हणाला? खिंड कधी उघडते? तुम्ही सांगा." आणि हाड त्याच्या हातात दिलं.

महमतयारने हाड घेतलं. तोंड उघडलं. बंद केलं.

"अगं पोरी, त्या व्यापाऱ्याचा फोन म्हणजे..." मी उठलोच. "एकदा मी त्याच्यावरून चंद्राला..."

"अता!" आता मागून नूरजामाल बोलली. "हाड तुमच्या हातात नाही. त्यांना बोलू द्या. त्यांच्या जागी कुणी बोलू नका."

मी बसलो. सत्तर वर्षं कुणी मला बसवू शकलं नव्हतं.

खोटं बोलता आलं असतं महमतयारला, तर एक वाक्य पुरे होतं. खिंड वसंतात उघडते, मुली. एवढंच. पण त्याची ती सरळ जीभ. त्याने हाडाकडे बघितलं, मग छताकडे, आणि त्याच्या दाढीत पाणी उतरलं.

खलीचा हसत होती अजून. हसत हसत तिने पुढच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग त्याच्या पुढच्या. गोल होता ना. कुणाची पाठ आड येत नव्हती. एकेक करून तिने सगळे वाचले, आणि माझ्यापर्यंत आली तेव्हा तिचं हसू फक्त तोंडावर उरलं होतं, कुणीतरी विसरून गेलेल्या टोपीसारखं.

ती आमच्यातलीच. सगळे एकदम कधी गप्प बसतात हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"हाड शेरमत अतांना द्या," ती म्हणाली. "ते खोटं बोलतात. त्यांनी सांगावं, 'आमचे हे' कसे आहेत."

हाड माझ्याकडे आलं. गरम होतं. देवाशपथ, मी खोटंच बोलणार होतो. युसुपालीला मी घोड्यावर बसवलं होतं, खिंडीतून खाली आणत होतो.

"खिंडीत," मी म्हटलं, "एका माणसाची सावली बर्फाला चिकटली. माझ्यासारखीच."

"मग?"

"मी सोडून आलो होतो. तो म्हणाला, मी नाही सोडणार. तो तिच्याशेजारी बसला."

"आणि?"

"अजून बसलाय, पोरी."

"बर्फ वितळल्यावर?"

मला उत्तर सुचलं नाही. मला, शेरमतला.

"म्हणजे ते येणार नाहीत," ती म्हणाली. शेवटचा शब्द तिचाच.

मग त्या हाड टाकणाऱ्या म्हातारीने शोकाचा सूर लावला, आणि सगळ्या बायकांनी. शाळेच्या खिडक्या थरथरल्या. जिपार तोंडावर वही धरून उभी होती.

कळा त्याच संध्याकाळी सुरू झाल्या. मुलगी झाली, मुठीएवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवली. आठवडा काढला नाही तिने. डॉक्टरीण म्हणाली, बाळ आधीपासूनच अशक्त होतं, बातमीचा संबंध नाही. बायका म्हणाल्या, संबंध आहे. महमतयारला त्यानंतर बोलताना मी फार कमी ऐकलं.

चौथ्या मजल्यावर शोक करता येत नाही. म्हणून इमारतींच्या मधल्या अंगणात तंबू उभारला, मोटारी बाजूला काढून. बाप आणि लेक, दोघांचा एकच. खलीचा आत बसली, विधवा बसते तशी, तोंड भिंतीकडे.

नूरजामाल परत जायच्या आधी माझ्याकडे आली. डोळे सुजलेले.

"मला का नाही सांगितलं?"

"महमतयार म्हणाला, तू गोल करशील."

तिने आपल्या पातळ बुटांकडे बघितलं. "केला असता," ती म्हणाली. "तेव्हा केला असता." मग विचारलं, "मी आत येऊ शकते?"

"ये. पण विचारू नकोस काही. तंबूही गोलच असतो, पण त्याला भिंत असते."

आत गेलो. ती दाराशी बसली, सुना बसतात तिथे. मला मानाची जागा दाखवली, पण मी खलीचाच्या पाठीमागे बसलो, अंतर ठेवून. बायकांनी रडणं आवरलं. चहा आला, मी घेतला नाही.

"अता?" खलीचा वळली नाही. तिला बहुधा माझ्या खोकल्यावरून कळलं. "गोष्ट अर्धी राहिली. बर्फ वितळल्यावर?"

"बर्फ वितळलं की पाणी होतं," मी म्हटलं. "पाणी खाली येतं. पामीरचं पाणी फिरत फिरत आपल्या नारीन नदीत उतरतं. काठावर उभं राहिलं, तर..."

"खोटं," ती भिंतीला म्हणाली. "पामीरचं पाणी इकडे येत नाही. दुसऱ्या नदीला जातं ते."

"नाही येत," मी म्हटलं.

 दाराशी नूरजामालने श्वास घेतला, पण गप्प राहिली. मीही भरून काढली नाही ती शांतता. पहिल्यांदाच.

मग खलीचाने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला.

"तरी सांगा," ती म्हणाली.