जावईबापूंचं ताट आणि लिबियाचं आकाश

दिगंबररावांनी जे केलं ते बुधवारा मोहल्ल्यात आजवर एकाही जावयानं केलं नव्हतं. रुसणारे जावई मनकर्णाबाईंनी पुष्कळ पाहिले होते. कोणी अंगठीवरून रुसला, कोणी स्कूटरवरून; एक जण तर वरणात मीठ कमी पडलं म्हणून आल्या पावली परत गेला होता. पण धोंड्याच्या महिन्यात, पुरणाचे धोंडे ताटात वाफाळत असताना, लिबियावरून हात धुऊन उठणारा जावई हा पहिलाच, आणि तो नेमका त्यांच्याच वाट्याला यावा! लिबिया हा देश आहे की औषधाची गोळी, हे सकाळपर्यंत त्यांना माहीत नव्हतं.

हा अधिकाचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो. जावयाला बोलवायचं, पोटभर जेवू घालायचं, मग तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे मांडून, वर दिवा लावून, ते ताट त्याच्या हाती द्यायचं. त्यानं हसऱ्या तोंडानं घेतलं तर सासूचं दान पावलं. अनारसे मनकर्णाबाईंनी स्वतः तळले होते, सुनेला, कविताला, कढईच्या जवळही येऊ दिलं नव्हतं. एकुलती लेक विमल नेपानगरहून नवी साडी नेसून आली होती. ती आता चुलीपाशी डोळ्यांना पदर लावून बसली होती, कारण तिचा नवरा चार घास खाऊन छतावर निघून गेला होता.

झालं असं. नात तृप्ती, कविताची लेक, इंदूरच्या कॉलेजात शिकते. सोमवारी तिची वादविवाद स्पर्धा. एखाद्या देशात आपसातच लढाई पेटली, तर बाहेरच्यांनी फौज घेऊन मध्ये पडावं का, तिथलं आकाश लढाऊ विमानांना बंद करावं का, हा विषय. त्या बंदीला नो-फ्लाय झोन म्हणतात. तृप्ती बोलणार होती बंदीच्या बाजूनं. फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान दिगंबरराव, नेपानगरच्या शाळेत इतिहास शिकवतात, म्हणून तिनं जेवताजेवताच त्यांना भाषण वाचून दाखवलं.

"साफ चूक," दिगंबरराव धोंडा मोडत म्हणाले. "लिबिया पाहा. दोन हजार अकरा. आधी म्हणाले, लोकांना वाचवतो, आकाश बंद करतो. मग सरकारच पडलं, आणि देशाच्या चिंध्या झाल्या."

"फुफाजी, हे एकच एग्झाम्पल तुम्ही मी आठवीत होते तेव्हापासून देताय. कुछ नया भी पढ़ा करो ना!"

विमलच्या हातातली तुपाची वाटी तिथंच थांबली. दिगंबरराव उठले.

मनकर्णाबाई पाटावरून उठल्या. नातीचं मनगट धरलं आणि गुडघ्यांना दोन शिव्या देत जिना चढायला लागल्या.

छतावर ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, वाळत होते, सकाळीच घातलेले, अजून अर्धे ओले. राखायला रोज कविता बसायची. आज ती वाढायला खाली, म्हणून कावळ्यांचीही पंगत बसली होती. दिगंबरराव पाण्याच्या टाकीच्या सावलीत, बिबड्यांकडे पाठ करून बसले होते.

"जावईबापू," मनकर्णाबाईंनी कोपऱ्यातली काठी त्यांच्यापुढे धरली, "रुसायचं तर रुसा. पण ही हातात घेऊन रुसा."

सासूला नाही कसं म्हणणार? त्यांनी काठी घेतली.

"आता दोघंही बोला. मी दुसरी पास, त्या मानानं सांगा. हे आकाश बंद करतात म्हणजे काय करतात वं?"

"सोप्पं आहे आजी," तृप्ती म्हणाली. "सरकार आपल्याच लोकांवर विमानातून बॉम्ब टाकतं. मग बाहेरचे सांगतात, आता इथं उडायचं नाही. उडला तर पाडू."

"मतलब जावईबापू बसले तसं?"

"हां, तसंच समज."

"पण नुसती काठी दाखवून कावळा जाते का?"

"नाही जात," दिगंबरराव न राहवून बोलले. त्यांनी दोनदा कठड्यावर काठी आपटली होती आणि एक कावळा टाकीवर बसून त्यांना निवांत न्याहाळत होता. "तेच तर मी सांगतोय. आधी समोरच्याची रडारं, तोफा फोडाव्या लागतात. नाव बंदीचं, काम लढाईचं!"

एवढ्यात कठड्याखालून एक खार आली, बिबड्याचा तुकडा तोंडात धरला आणि पळाली. दिगंबरराव धोतर नसतानाही धोतर सावरल्यासारखे उठले, काठी फिरवली, ती टाकीला लागली आणि टाकी देवळातल्या घंटेसारखी वाजली. मालूबाई शेजारच्या छतावरून ओरडली, "मनकर्णाबाई, आरती आहे का वं?"

"जावई आहे!" मनकर्णाबाईंनी उत्तर दिलं.

तृप्तीला हसू आवरेना. दिगंबररावही हसणार होते, पण मध्येच त्यांचा आवाज खाली आला. "बोस्नियात हेच झालं. वर पहारा होता, आणि खाली जमिनीवर हजारो माणसं मारली."

"आणि इराक?" तृप्तीही आता हळूच बोलली. "कुर्द लोक डोंगरात थंडीनं मरत होते. आकाश बंद झालं, फौजा मदतीला गेल्या, ते घरी परतले. आजी, ती माणसं आहेत, बिबडे नाहीत."

"म्हणूनच विचारते. किती दिवस ठेवलं बंद?"

तृप्तीनं मान खाली घातली. "बारा वर्षं."

"बारा वर्षं! कोणाची पोरं बसली राखत? अन् ज्याच्या छतावर बसायचं, त्याले कोणी विचारलं का?"

तृप्तीनं मोबाइल काढला आणि लिहून घेतलं. दिगंबररावांची मान ताठ झाली. ते पाहून मनकर्णाबाई लगेच तिकडे वळल्या.

"तुम्ही फुगू नका. मले हे सांगा. आत्ता या घडीले दवाखान्यावर बॉम्ब पडून राहिला. आत बाळंतीण आहे. बाहेरच्यांपाशी विमानं आहेत. आता काय करायचं? लिबिया, लिबिया म्हणत बसायचं?"

"वाटाघाटी..." दिगंबररावांनी सुरुवात केली.

"त्याले किती दिवस लागतात?"

दिगंबररावांनी काठी आडवी मांडीवर घेतली. टाकीवरचा कावळा खाली उतरला, एक बिबडा घेऊन गेला.

"मला माहीत नाही, आई," ते म्हणाले. "वर्गात पोरं हेच विचारतात. मी पुढचा धडा काढायला सांगतो."

तृप्ती त्यांच्याजवळ येऊन बसली. "फुफाजी, मी हे घेऊ भाषणात? मतलब, आमच्या बाजूलाही सगळी उत्तरं नाहीत, असं? आणि लिबियाही घेते. नाहीतर समोरचे मला त्याच्यावरच पकडतील."

"घे ना. आधीच सांगून टाक, मग त्यांच्या हाती काय राहतं? आणि बोस्नियाचं साल नीट लिही. पंच्याण्णव." त्यांनी मोबाइलमध्ये डोकं घातलं. "हे वाक्य लांब झालं. तोड."

"ते आठवीचं मी बोलायला नको होतं."

"चूकच होतं ते. मी सहावीपासून सांगतोय तुला."

जिन्याच्या तोंडाशी विमल उभी होती, तुपाची वाटी हातात घेऊनच आलेली. ती खुदकन हसली. तेवढ्यात दिगंबररावांचं पोट इतक्या जोरात गुरगुरलं की तिघींनीही ऐकलं, आणि मग विमलचं हसू काही थांबेना. मागून आलेल्या कवितानं त्यांच्या हातातली काठी काढून घेतली.

दिगंबरराव विजार झटकत उठले. जिन्याच्या वाटेवर मनकर्णाबाई उभ्या, कमरेवर हात ठेवून.

"निकाल ऐकून जा, जावईबापू. पोरीच्या दवाखान्याले तुमच्यापाशी उत्तर नाही, अन् तुमच्या लिबियाले तिच्यापाशी नाही. एवढ्या मोठ्या दुनियेले सापडलं नाही, ते तुम्हाले माझ्या घरी जेवता जेवता कुठून सापडणार? पण उत्तर नाही म्हणून माणूस उठून गेला, तर मग बोलणार कोण? तुम्ही उठले, म्हणून आज तुम्ही हरले. आता खाली चला, तिच्या समोरच बसा, अन् पोट भरेपर्यंत भांडा!"